लाकडातील गाठ आणि लाखेचा हात

नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या देशांत, तसेच अटलांटिक महासागरापलीकडे कॅनडात व अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत, सामान्य गृहस्थाच्या घराचे बाह्यांग बहुधा फळ्यांचेच असते. इंग्लंडातील केंट परगण्यातही बाल्टिक समुद्राच्या बंदरांतून आलेल्या फळ्या एकीवर एक चढवून ठोकलेली जुनी घरे आजतागायत नांदती आहेत. ऊन, पाऊस आणि हिम यांचा मारा सोसणाऱ्या या फळ्यांना काही वर्षांच्या अंतराने नवा रंग देणे हे तेथील गृहस्थाश्रमाचे एक अटळ कर्तव्यच होऊन बसले आहे. परंतु जुना रंग खरवडून, अस्तर मारून, वर दोन हात चढवून मालक समाधानाने मागे वळतो, आणि एखाद-दुसरा उन्हाळा उलटतो न उलटतो तोच त्या शुभ्र भिंतीवर रुपयाएवढे पिवळसर तपकिरी डाग उमटू लागतात; कोठे रंगाला फोड येतो, कोठे तो फुटून त्यातून मधासारखा चिकट द्रव ओघळतो, तर कोठे डागाच्या मधोमध चांदणीच्या आकाराची भेग पडते. हे सर्व उपद्रव फळीतील गाठीचे असतात. त्यांचा बंदोबस्त रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच करावा लागतो, आणि त्या बंदोबस्ताची कला हाच या लेखाचा विषय आहे.

मराठी वाचकाला हा रोग अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे. आपली घरे सागाच्या आधाराने उभी राहिली, आणि सागाच्या लाकडात सूचिपर्णी वृक्षांप्रमाणे राळेच्या वाहिन्या नसतात. राळेने चिकटणाऱ्या गाठाळ फळीशी आपला संबंध आला तो बहुतेक देवदारी खोक्यांपुरता, आणि खोक्याला रंग देण्याचा विचार कोणी करीत नाही. मात्र या विलायती रोगावर शतकाहून अधिक काळ जे औषध सर्वमान्य ठरले ते आपल्याच देशातील पळस, बोर आणि कुसुंब या झाडांवर तयार होते, एवढा एक धागा आपणांस त्या दूरच्या भिंतींशी जोडतो, आणि तो मला पुरेसा बळकट वाटतो.

गाठ म्हणजे खोडात गडप झालेला फांदीचा बुंधा. फांदीचा उगम खोडाच्या अगदी गाभ्यापाशी असतो, आणि दरसाल खोडावर लाकडाचे नवे वलय चढत गेले की फांदीचा तेवढा तेवढा भाग त्यात बुडत जातो. फांदी जिवंत असेतोवर तिची वलये आणि खोडाची वलये एकसंध असतात, त्यामुळे अशा भागातून कापलेल्या फळीतील गाठ भोवतालच्या लाकडाशी घट्ट जुळलेली निघते. परंतु दाट अरण्यात खालच्या फांद्यांना ऊन मिळेनासे होऊन त्या वाळतात. वाळलेली फांदी वाढत नाही, खोड मात्र वाढतच राहते, आणि या मृत खुंटाभोवती ते नुसते वेढे घालीत जाते, त्याच्याशी जुळत नाही. अशी मृत गाठ फळीत भोवती सालीचे काळे कडे घेऊन बसलेली असते आणि फळी सुकली की सैल होऊन कित्येकदा गळूनही पडते. पुढे कधीतरी तो खुंट मोडून पडतो, खोड त्यावर आच्छादन घालते, आणि तेथून बाहेर तयार होणारे लाकूड निर्मळ असते. म्हणजे एकाच ओंडक्याच्या आतल्या भागात जिवंत गाठी, त्याबाहेर मृत गाठी आणि सर्वांत बाहेर बिनगाठी लाकूड अशी रचना असते. शेकडो वर्षांच्या वृक्षांत हा बाहेरचा थर जाड असे, म्हणून जुन्या घरांच्या फळ्या पाहाव्यात तर हातभर अंतरात गाठ सापडत नाही. आज बाजारात येणारा माल कोवळ्या वयात तोडलेल्या लागवडीच्या झाडांचा असतो आणि त्यात गाठींचा सुकाळ असतो. गाठींचा उपद्रव अलीकडे वाढला अशी जी तक्रार तेथील रंगारी करतात तिचे मूळ रंगाच्या प्रतीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, या कोवळ्या लाकडात आहे.

गाठीचे दोन दोष आहेत, आणि ते परस्परांहून इतके भिन्न आहेत की एकावरचा इलाज दुसऱ्यावर चालत नाही. पहिला दोष आकुंचनाचा. ओले लाकूड पूर्ण सुकताना तंतूंच्या लांबीच्या दिशेने जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आखडते, परंतु तंतूंच्या आडव्या दिशेने हेच प्रमाण ४ ते ८ टक्क्यांच्या घरात जाते. आता फळीचे तंतू लांबीच्या दिशेने धावत असतात आणि गाठीचे तंतू फळीच्या पृष्ठभागाला जवळजवळ काटकोनात बाहेर आलेले असतात. म्हणजे गाठीचा जो गोल चेहरा आपणांस दिसतो तो फांदीचा आडवा छेद असतो. भोवतालची फळी लांबीत आखडत नाही आणि मधली गाठ मात्र सर्व बाजूंनी आखडू पाहते, या ओढाताणीतून त्या चांदणीच्या आकाराच्या भेगा जन्मतात. शिवाय आडव्या छेदातून लाकूड पाणी झपाट्याने शोषते. त्यामुळे पावसाळी हवेत गाठ फुगते, उन्हात आखडते, आणि तिच्यावरचा रंगाचा पातळ पापुद्रा ही कवायत फार काळ सोसू शकत नाही.

दुसरा दोष रसायनांचा. पाइन, स्प्रूस, लार्च व डग्लस फर या वृक्षांच्या लाकडात राळवाहिन्यांचे जाळे असते आणि फांदीच्या बुंध्याशी झाड राळेचा साठा विशेष करते, कारण कीड आणि बुरशी आत शिरण्याचा संभव तेथेच अधिक. ही राळ म्हणजे बाष्पनशील टर्पेंटाइन आणि घन रोझन यांचे मिश्रण होय. लाकूड भट्टीत सुमारे ७१ अंश सेल्सियस तपमानाला वाळविले तर बरेचसे टर्पेंटाइन उडून जाते आणि उरलेली राळ त्या तपमानाखाली सहसा वाहत नाही. परंतु नुसत्या हवेवर किंवा मंद भट्टीत वाळविलेल्या फळीतील राळ तशीच मऊ राहते, आणि भर उन्हात तोंड करून उभ्या असलेल्या, गडद रंगाच्या भिंतीचे पृष्ठ ६० अंशांच्या पुढे तापले की ती पाझरू लागते. राळेखेरीज गाठीत इतरही द्रव्ये असतात. पाइनच्या मध्यकाष्ठातून स्वीडिश रसायनज्ञ होल्गर एर्टमन यांनी १९३९ साली पिनोसिल्विन नावाचे द्रव्य वेगळे केले. बुरशीला विषासमान असणारे हे द्रव्य गाठींत विपुल असते आणि प्रकाश लागून काळवंडते. स्प्रूसच्या गाठींत लिग्नॅन वर्गातील द्रव्ये खोडाच्या लाकडाच्या मानाने कित्येक पटींनी अधिक असतात, हे फिनलंडमधील ओबो अकादमीच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. झाडाने स्वसंरक्षणार्थ साठविलेली ही शिबंदी फळीत आल्यावरही आपले काम सोडीत नाही, आणि तेलरंगाचे तेल असो की नव्या पद्धतीच्या रंगातील पाणी असो, जो द्रव लाकडात मुरेल त्याच्यात विरघळून ती पृष्ठभागाकडे कूच करते.

या कूचास अटकाव कसा करावा याविषयी जुन्या रंगाऱ्यांनी जे प्रयोग केले ते वाचताना आज थोडी करमणूक आणि बराचसा आदर वाटतो. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी हस्तपुस्तकांत सांगितलेली एक कृती अशी की, गाठीवर कळीच्या चुन्याचा गरम लेप द्यावा, तो दिवसभर राहू द्यावा, मग खरवडून तापलेल्या इस्त्रीने गाठ शेकावी आणि त्यावर शेंदूर व सरस यांचे गरम मिश्रण दोनदा लावावे. आणि यजमान श्रीमंत असेल तर गाठीवर चांदीचा किंवा सोन्याचा वर्ख चिकटवून मग रंग द्यावा. वर्ख हा केवळ डामडौल नव्हता. धातूचा अखंड पापुद्रा राळेला खरोखरच पार होत नाही, आणि पुढे ॲल्युमिनियमची भुकटी घातलेले अस्तर गाठाळ लाकडावर वापरले गेले त्यामागे हेच तत्त्व होते. शेंदूर-सरसाची कृती तर साहेबाबरोबर समुद्र ओलांडून आपल्या सरकारी बांधकाम खात्याच्या दफ्तरात दाखल झाली. केंद्रीय बांधकाम खात्याच्या तपशीलग्रंथात लाकूडकामाच्या रंगाचे कलम उघडून पाहावे: गाठी असल्यास त्यांवर पाण्यात घोटलेला शेंदूर दाट सरसात मिसळून गरम असतानाच लावावा, अशी आज्ञा त्यात आढळते. सागाच्या चौकटी बसविणाऱ्या किती मक्तेदारांनी तिचे पालन केले असेल, हा भाग निराळा.

परंतु या सर्व कृतींना मागे सारून जो उपाय सर्वत्र रूढ झाला तो म्हणजे स्पिरिटात विरघळविलेली चपडा लाख. लाखेची हकीकत आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असली तरी तिचा तपशील येथे सांगण्याजोगा आहे. मोहरीच्या दाण्याहूनही लहान असे तांबडे कीटक पळसाच्या, बोरीच्या किंवा कुसुंबाच्या कोवळ्या डहाळीवर दाटीने बसून झाडाचा रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच निर्माण करतात. ही डहाळी तोडून, खरवडून, धुऊन जी दाणेदार लाख मिळते ती कापडाच्या लांबच लांब पिशवीत भरून कोळशाच्या भट्टीसमोर पिळतात. पिशवीतून झिरपलेला रस गरम पाण्याने भरलेल्या नळीवर पसरतात आणि मग कारागीर तो ऊन पापुद्रा हातापायांनी, प्रसंगी दातांनीही, ताणून मोठ्या चादरीएवढा करतो. ती चादर थंड झाल्यावर मोडली की चपडा लाख झाली. झालदा, बलरामपूर, मिर्झापूर ही या धंद्याची जुनी ठिकाणे. पळस व बोर यांवरील लाख रंगीनी आणि कुसुंबावरील ती कुसमी. कुसमी फिकट म्हणून तिचा भाव चढा. लिंडसे व हार्लो यांनी १९२१ साली या धंद्याचा अहवाल सरकारला सादर केला, आणि १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे केवळ लाखेच्या अभ्यासासाठी संशोधनसंस्था उभी राहिली. सावंतवाडीची रंगीत खेळणी ज्या लाखेने चमकली ती हीच, आणि बालगंधर्वांचा आवाज ज्या काळ्या तबकड्यांत साठविला गेला त्यांतील बंधक द्रव्यही हीच लाख.

राळेला अडविण्यासाठी दुसरी राळच का लागावी? याचे उत्तर विद्राव्यतेत आहे. गाठीतील राळ तेलात आणि टर्पेंटाइनमध्ये सुखेनैव विरघळते, म्हणून तेलरंग तिला अडविण्याऐवजी वाटाड्याचे काम करतो. लाख मात्र तेलाला किंवा टर्पेंटाइनला दाद देत नाही, ती मद्यार्कात विरघळते. गाठीतील राळही मद्यार्कात विरघळते हे खरे, परंतु स्पिरिट काही मिनिटांतच उडून जाते आणि राळेला वर येण्यास उसंत मिळण्यापूर्वी लाखेचा पापुद्रा आवळून बसतो. पाण्याच्या रंगाबरोबर वर येणाऱ्या तपकिरी द्रव्यांनाही हा पापुद्रा पुष्कळसा रोखतो. स्पिरिटाच्या या उपयोगापायी रंगकामाच्या साध्या सामानाला आपल्याकडे एकदा कायद्याचाही विटाळ झाला होता: मुंबई इलाख्यात दारूबंदी आल्यावर तहानलेल्या जनांनी फ्रेंच पॉलिशकडे मोर्चा वळविला, आणि लाख-स्पिरिटाच्या त्या निरुपद्रवी बाटलीला दारूबंदी कायद्याच्या व्याख्येत समाविष्ट करावे लागले.

आता लाखेचे दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत, कारण घराच्या आत जी वस्तू निर्धोक तीच बाहेर घातक ठरू शकते. लाखेचा पापुद्रा पाण्याने पांढरा पडतो, वयाने ठिसूळ होतो, आणि ७० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. उन्हाने तापणाऱ्या भिंतीला ही मर्यादा फार दूरची नव्हे. म्हणून संबंध भिंतीला लाखेचे अस्तर देणे हा शुद्ध अविचार होय. न्यूयॉर्कमध्ये १८४९ साली स्थापन झालेल्या झिन्सर कंपनीचे पांढऱ्या रंगद्रव्याने युक्त असे लाखेचे अस्तर जगभर खपते, परंतु बाहेरच्या कामात ते केवळ ठिपक्याठिपक्यांनी लावावे अशी मर्यादा खुद्द उत्पादकच घालतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील पाइन-व्यापाऱ्यांच्या संघाने डब्ल्यूपी-५७८ या नावाचे, फेनॉलिक व व्हिनिल राळांचे, मद्यार्कातच विरघळणारे गाठरोधक तयार केले ते लाखेची ही उणीव भरून काढण्यासाठीच. माझ्या मते बाहेरच्या भिंतीवर लाखेचे स्थान औषधाच्या मात्रेसारखे आहे. ती गाठीपुरती, पातळ आणि तत्काळ झाकलेली असेल तरच गुण देते.

पुन्हा रंग देण्याचा प्रसंग हा गाठींच्या बंदोबस्ताला नव्या बांधकामापेक्षाही अधिक अनुकूल असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. नवी फळी पाहून तिच्यातील कोणती गाठ पुढे रडेल हे जाणत्या सुताराला सुद्धा नक्की सांगता येत नाही. दहा उन्हाळे सोसलेल्या भिंतीवर मात्र प्रत्येक गाठीने आपला जबाब आधीच नोंदविलेला असतो. ज्या गाठीवरचा जुना रंग निष्कलंक आहे तिला हात लावू नये. जी नुसती पिवळी पडली आहे तिच्यातील राळ बहुधा संपत आली असून तिला लाखेचे दोन हात पुरतात. जिच्यावर फोड आहे किंवा ओघळ आहे तिच्यातील साठा अद्याप जिवंत आहे असे समजून आधी तो बाहेर काढावा लागतो. आणि जी हलते, तिच्या बाबतीत लाखेचा प्रश्नच उरत नाही.

रडणाऱ्या गाठीवरचा रंग भोवतालच्या दोन बोटे जागेसह लाकूड उघडे पडेपर्यंत काढावा. जुन्या रंगात सफेता, म्हणजे शिसे, असण्याचा दाट संभव असतो. अमेरिकेत घरगुती रंगांतून शिसे १९७८ साली हद्दपार झाले, त्यापूर्वीच्या भिंतीवर कोरडा काचकागद फिरवून ती विषारी धूळ अंगणात उडविणे हा गुन्हा समजावा. मग हीट गनच्या उष्ण हवेने गाठ हळूहळू तापवावी. राळ बुडबुडे धरून वर येते, ती पत्रीने खरवडावी, आणि येईनाशी होईतो ही क्रिया करावी. उघडी ज्योत वापरणारे जुने रंगारी हे काम झटपट उरकीत, पण फळीमागच्या पोकळीत पक्ष्यांची वाळकी घरटी आणि लाकडाचा भुसा साठलेला असतो, आणि त्यात पडलेली ठिणगी रंगारी घरी गेल्यावर पेट घेते; तेव्हा उष्ण हवेचे काम आटोपल्यावरही तासभर भिंतीपाशी पहारा ठेवणे हे शहाणपणाचे. त्यानंतर स्पिरिटात भिजविलेल्या फडक्याने गाठ पुसावी. फडके दर खेपेला बदलावे, नाहीतर एका गाठीची राळ दुसरीला माखली जाते. रंध्याच्या पात्याखाली चकाकलेला गाठीचा कठीण चेहरा काचकागदाने किंचित खरबरीत केल्याविना लाख तेथे धरत नाही.

लाख लावावयाची ती ताजी असावी. लाख आणि मद्यार्क यांची एकमेकांवर सावकाश प्रक्रिया होत राहते आणि वर्षभर पडून राहिलेले द्रावण वाळण्याऐवजी चिकट राहते. म्हणून काचेच्या तुकड्यावर एक थेंब पसरून तो काही मिनिटांत कडक होतो की नाही हे पाहण्याची पद्धत आहे. बिनमेणाची लाख घ्यावी, कारण साध्या लाखेत ४ ते ५ टक्के मेण असते आणि वरच्या अस्तराची पकड त्याने ढिली होते. पहिला हात पातळ, गाठीच्या कडेपलीकडे बोटभर. तो वाळताच दुसरा, पहिल्याच्या थोडा बाहेर जाणारा, म्हणजे काठ जाड राहत नाही. येथेच अधीर रंगारी चुकतो: एकच जाड हात देऊन तो मोकळा होतो, आणि त्या चकचकीत ढिगाचा काठ वरच्या तीन हातांतूनही तिरप्या उन्हात थाळीसारखा उठून दिसतो. यानंतरचे अस्तर त्याच दिवशी द्यावे, लाखेला रात्रीचे दव लागू देऊ नये. लांबी भरावयाची ती अस्तरानंतर, आधी नव्हे. कोरड्या लाकडात भरलेल्या लांबीतील तेल लाकूड शोषून घेते आणि ती सुटते.

सैल झालेल्या मृत गाठीचे काम सुताराचे. ती ठोकून काढून, भोक गोल करून, त्यात त्याच जातीच्या लाकडाची बिनगाठी गुडदी जलरोधक सरसाने बसवितात. मात्र गुडदीचे तंतू फळीच्या तंतूंच्या दिशेने असावे लागतात, नाहीतर नवी गुडदीही जुन्या गाठीप्रमाणेच उलट्या दिशेने आखडते आणि सर्व खटाटोप व्यर्थ जातो. फळीच्या अगदी काठावर असलेली मोठी गाठ बुजविण्यापेक्षा फळीच बदलणे स्वस्त पडते.

रंग कोणता द्यावा याचाही गाठींशी संबंध आहे, आणि येथे यजमान खरोखर पेचात सापडतो. पांढऱ्या भिंतीवर प्रत्येक डाग दिसतो, पण ती कमी तापते म्हणून राळ कमी वाहते; गडद भिंतीवर डाग दिसत नाही, पण ती तापून राळेला मोकळी वाट करून देते. ज्यांना लाकडाचे नैसर्गिक रूप दाखविणारे पारदर्शक तेल द्यावयाचे असेल त्यांनी लाखेच्या वाटेस जाऊच नये, कारण लाख लागलेल्या जागी तेल मुरत नाही आणि भिंत ठिपक्याठिपक्यांची दिसते. त्यांनी राळ काढून गाठ आहे तशी स्वीकारावी. पश्चिम अमेरिकेच्या तांबड्या सीडरची गोष्ट आणखी निराळी. त्या लाकडात राळवाहिन्याच नसतात, आणि त्याच्या भिंतीवर जे तपकिरी ओघळ येतात ते पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यांचे. तेथे इलाज गाठीपुरता न राहता सबंध फळीला डागरोधक अस्तर देण्याचा असतो.

स्वीडनमध्ये मात्र या साऱ्या प्रकरणाला बगल देणारी एक परंपरा आहे. फालून येथील तांब्याच्या खाणीच्या मातीपासून केलेला लाल रंग राईच्या पिठाच्या खळीत शिजवून, रंध्याने न गुळगुळीत केलेल्या खरबरीत फळ्यांवर फासतात. खाण १९९२ साली बंद पडली तरी साठलेल्या मातीतून रंग अजून निघतो, आणि खेडोपाडीची घरे, गोठे, कोठारे त्याच एका रंगात रंगलेली दिसतात. या रंगाचा पापुद्रा बनतच नाही. तो लाकडाच्या तंतूंत भुकटीसारखा बसून राहतो, त्यामुळे फोड येण्यास काही उरत नाही. राळ वर आली तर ती उन्हात वाळते, आणि पुढच्या खेपेला कुंचल्याने भिंत झाडताना निघून जाते. तेथे गाठीला लाख लावण्याचा प्रश्न उद्भवत नाही, आणि हौसेने कोणी लावलीच तर तेवढ्या जागी तो लाल रंग धरत नाही.